एक काठी पणजीत, एक नाशकात

विज्ञान शिकवण्यात तंत्रज्ञान आणायचं म्हटलं की आपल्याकडे आधी पडदा येतो. भिंतीवर मोठा स्मार्ट बोर्ड, त्यावर ग्रहमालेचा व्हिडिओ, समोर हाताची घडी घालून बसलेला वर्ग. आणि मुलांनी मिळून शिकावं असं ठरलं की गट पाडले जातात. चौघांचा गट असतो. अक्षर चांगलं असलेली मुलगी तक्ता लिहिते, एक जण इंटरनेटवरून मजकूर उतरवून देतो, उरलेले दोघं खाली नाव घालतात. तक्ता भिंतीवर लागतो, फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, विषय संपतो.

यात मुलांचा दोष फारसा नाही. जे काम एकटीला जमतं ते एकटीच करणार, बाकीचे तिच्या जिवावर तरणार. मोठी माणसं कचेरीत वेगळं काय करतात?

इलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात यावर एक युक्ती काढली. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एकत्र बसू लागली होती आणि वर्गात सारखा ताण असायचा. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. ज्याच्याकडे पाहायचंही नाही असं ठरवलं होतं, त्याचंच कान देऊन ऐकायची वेळ आली. ‘जिगसॉ’ या नावाने ही पद्धत आजही शिकवली जाते. तिच्यात एक कच्चा दुवा आहे: तुकडे मास्तरांनी मुद्दाम केलेले असतात आणि अख्खा धडा पुस्तकात असतोच, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

काही प्रश्न मात्र असे आहेत की त्यांचे तुकडे निसर्गानेच केले आहेत. अर्धं उत्तर इथे पडलेलं, अर्धं पाचशे किलोमीटरवर. तिथे फोन आणि इंटरनेट खरोखर कामाचे ठरतात. असा एकच प्रश्न नीट उलगडून पाहू: पृथ्वीचा घेर किती?

ही मोजणी पहिल्यांदा केली ती एराटोस्थेनिसने, इसवीसनापूर्वी २४० च्या सुमारास. तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेकडच्या सायनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पडत नाही, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. अलेक्झांड्रियात त्याच वेळी सावली पडत होती. तिचा कोन भरला पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडियम हे तेव्हाचं अंतराचं माप, स्टेडिया त्याचं अनेकवचन). त्याला ५० ने गुणलं की २,५०,००० स्टेडिया, हा घेर. एक स्टेडियम म्हणजे नेमके किती मीटर यावर अभ्यासक अजून भांडतात, पण विचार चोख होता.

तो विचार असा. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे, त्यामुळे दोन्ही गावांत येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. काठ्या दोन्हीकडे सरळ उभ्या आहेत, पण प्रत्येक गावचं ‘सरळ’ वेगळं असतं, कारण प्रत्येक काठीचा रोख पृथ्वीच्या केंद्राकडे असतो. किरण तेच आणि काठ्यांचे रोख वेगळे, म्हणून सावल्या वेगळ्या. दोन सावल्यांच्या कोनांतला फरक म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोन गावांमध्ये असलेला कोन. एका गावातून तो मिळायचा नाही, काठी कितीही मोठी लावा.

आता महाराष्ट्रात हे कधी करायचं? आपल्याकडे ‘शून्य सावली दिवस’ गाजतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि अख्खा महाराष्ट्र या पट्ट्यात आहे. अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाने आपल्या गावची तारीख सांगणारं अ‍ॅपही काढलेलं आहे. गंमत बघायला दिवस छान, पण शाळेच्या दृष्टीने दोन्ही तारखा नेमक्या गैरसोयीच्या. पुण्यात पहिली येते मेच्या मध्यावर, तेव्हा मुलं मामाच्या गावी. दुसरी जुलैच्या अखेरीस, तेव्हा सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही.

सुदैवाने शून्य सावलीची गरजच नाही. एराटोस्थेनिसला एका गावचा कोन शून्य मिळाला ही त्याची सोय होती. आपण दोन्हीकडचे कोन मोजून वजाबाकी करू शकतो, आणि ती कुठल्याही दिवशी चालते. माझं मत विचाराल तर २२ डिसेंबर धरावा. आभाळ निरभ्र, शाळा चालू, नाताळची सुट्टी लागायची असते. शिवाय तो राष्ट्रीय गणित दिन, त्या दिवशी शाळेत काहीतरी करायचंच असतं. रामानुजनवरच्या भाषणाला जोडून दुपारी मैदानावर जाता येईल. आणखी एक फायदा आहे. दक्षिणायनाच्या या टोकाला सूर्याची दक्षिणेकडची सरक जवळपास थांबलेली असते. मागेपुढे तीन-चार दिवसांत फरक एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. एका शाळेवर ढग आले तर तिने दुसऱ्या दिवशी मोजावं. मार्चमधल्या विषुवदिनी ही मुभा नसते, तेव्हा सूर्य दिवसाला जवळपास ०.४ अंश सरकतो.

जोडीदार शाळा कुठली? नकाशा उघडून रेखांश बघा. पणजी ७३.८ अंश पूर्व, सावंतवाडी ७३.८, पुणे ७३.९, नाशिक ७३.८. ही सगळी गावं जवळपास एका दक्षिणोत्तर रेषेत आहेत, हे नकाशा रोज बघणाऱ्यालाही चटकन सुचत नाही. पणजीचा अक्षांश १५.५, नाशिकचा २०.०. फरक साडेचार अंश, म्हणजे वर्तुळाचा बरोबर ऐंशीवा भाग. सरळ रेषेत अंतर सुमारे ५०० किलोमीटर. ५०० गुणिले ८० करा. सहावीतलं मूलही तोंडी सांगेल.

पण हा साडेचार अंशांचा फरक मुलांना आधी सांगायचा नाही. तोच तर सावलीतून काढायचा आहे.

दोन्ही शाळांत जमिनीपासून बरोबर १ मीटर उंच काठी उभी करायची. बाराच्या ठोक्याला सावली मोजून मोकळं व्हायचं नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. २२ डिसेंबरला पणजीत आणि नाशकात सूर्य आपल्या सर्वांत उंच जागी येतो तो १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास. नागपूरला १२ वाजून १२ मिनिटांनीच. हे पाठ करायची गरज नाही. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली घ्यायची. मध्यान्हाच्या आसपास लांबी फार हळू बदलते, पाच मिनिटं चुकली तरी फरक मिलिमीटरभरही पडत नाही.

गणिताने त्या दिवशी सावल्या यायला हव्यात अशा: पणजीत ८०.८ सेंटिमीटर, पुण्यात ८९.९, नाशकात ९४.७. दहावीच्या मुलांनी टॅनच्या कोष्टकातून कोन काढावा. लहान मुलांनी वहीत १० सेंटिमीटरची काठी आणि त्याच प्रमाणात सावली काढून कोनमापक लावला तरी कल्पना कळते, फक्त अचूकता जाते. नाशिकचा कोन ४३.४, पणजीचा ३८.९. वजा केले की साडेचार.

कागदावर इतकं सोपं. मैदानावर पहिलीच अडचण येते: सावली संपते कुठे? एक मीटरच्या काठीच्या सावलीचं टोक रेघेसारखं स्वच्छ नसतं. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे गडद सावली आणि पूर्ण उजेड यांच्यामध्ये पावणेदोन सेंटिमीटरचा धूसर पट्टा येतो. पणजीच्या मुलांनी गडद भाग संपतो तिथे खूण केली आणि नाशिकच्यांनी धूसर भाग संपतो तिथे, तर दोघंही आपापल्या परीने बरोबर आणि उत्तर मात्र बोंबललं. हिशोब करून बघा. नाशिककरांनी एकच सेंटिमीटर जास्त धरला, ९४.७ चे ९५.७ केले, तर कोन ०.३ अंशाने वाढतो आणि पृथ्वीचा घेर ४०,००० वरून ३७,५०० किलोमीटरवर येतो. एका सेंटिमीटरने अडीच हजार किलोमीटर गिळले!

दोन शाळांचं खरं शिकणं इथे सुरू होतं. ‘तुम्ही टोक कुठलं धरलं?’ हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, समोरच्या शाळेकडे आहे. दोघांनी एकच टोक धरायचं ठरवलं तर दोन्हीकडची चूक एकाच दिशेची होते आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. किंवा त्याहून चांगलं, काठीच्या जागी स्टँडवर आडवा पुठ्ठा लावून त्याला तीनेक मिलिमीटरचं भोक पाडायचं. मग जमिनीवर सावलीऐवजी सूर्याचाच एक लंबगोल ठिपका पडतो. त्याच्या मधोमध पेन्सिलीने टिंब द्यायचं. पट्ट्याचा वाद मिटतो.

दुसरी मोठी चूक काठीच्या तिरकेपणाची. काठी उत्तरेला किंवा दक्षिणेला एक अंश कलली, म्हणजे वरचं टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकलं, तर अख्खा एक अंश उत्तरात शिरतो. साडेचाराचे साडेपाच झाले की पृथ्वी ३२,७०० किलोमीटरची. फोनमध्ये लेव्हल दाखवणारी सोय असते आणि मुलं आधी तिच्याकडेच धावतात, पण ती नीट जुळवलेली नसेल तर अर्धा-एक अंश सहज फसवते. इथे गवंड्याचा ओळंबा फोनला मागे टाकतो. भोकातून ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकतो तिथून ठिपक्यापर्यंत मोजायचं. काठी सरळ आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही.

मग तंत्रज्ञान नेमकं कुठे लागतं? आधी जोडीदार शाळा शोधायला, रेखांश बघायला. नंतर दोन्ही शाळांना एकाच वेळी दिसेल आणि भरता येईल अशा शीटमध्ये आकडे टाकायला. मांडणीचे फोटो एकमेकांना पाठवायला. ‘तुमचा पुठ्ठा कललेला दिसतोय’ हे फोटोवरूनच कळतं. आणि शेवटी व्हिडिओ कॉलवर वाद घालायला. एवढ्याला सरांचा एक फोन पुरतो. प्रत्येक मुलाच्या हातात टॅब असण्याने इथे काही वाढत नाही, उलट प्रत्येक जण आपापल्या काचेत तोंड घालून बसण्याची भीती.

शीटबद्दल एक खबरदारी घ्यायलाच हवी. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर असतो हे मुलांना भूगोलातून माहीत असतं किंवा दोन सेकंदांत सापडतं. समोरच्या शाळेचा आकडा दिसला की आपल्या आकड्याची ‘दुरुस्ती’ करायचा मोह होतो, आणि आपली परीक्षापद्धत तर हेच शिकवते: उत्तर आधी, प्रयोग नंतर. म्हणून दोन्ही शाळांनी आपले आकडे वहीत पेनाने लिहून त्या पानाचा फोटो आधी काढून ठेवावा आणि ठरलेल्या वेळी एकदमच शीट भरावी. जिचं उत्तर ४०,००० च्या सर्वांत जवळ तिला बक्षीस, असं तर मुळीच ठेवू नये. बक्षीस ठेवलं की वह्यांत खाडाखोड सुरू झालीच म्हणून समजा.

चूक कोणाची हे दोन शाळांत ठरत नाही. नाशिक म्हणणार पणजीची, पणजी म्हणणार नाशिकची. त्यासाठी तिसरी शाळा घ्यावी, पुण्याची. वरच्याच उदाहरणात नाशिकचे ९५.७ धरून तिन्ही जोड्यांचा हिशोब करा. पणजी-पुणे जोडीचं उत्तर येतं ३९,८०० च्या आसपास. पणजी-नाशिकचं ३७,५००. पुणे-नाशिकचं ३३,०००. ज्या दोन उत्तरांत नाशिक आहे ती दोन्ही बिघडलेली, नाशिक नसलेलं ठीक. आता नाशिकच्या मुलांना कोणी दटावायची गरज नाही, आकड्यांनीच बोट दाखवलंय. ती स्वतःहून मांडणी तपासतील. जवळच्या गावांच्या जोडीत तीच एक सेंटिमीटरची चूक जास्त नुकसान करते, हेही इथेच दिसतं.

या संवादाला थोडी शिस्त लावता येते. टोरंटोमध्ये मार्लीन स्कार्डमालिया आणि कार्ल बेरायटर यांनी १९८० च्या दशकापासून मुलांसाठी एक सामाईक लेखनाची संगणक-प्रणाली विकसित केली, पुढे तिचं नाव ‘नॉलेज फोरम’ झालं. तिच्यात मुलं आपल्या टिपणाची सुरुवात काही ठरावीक शब्दांनी करतात: ‘माझा सिद्धान्त असा’, ‘मला हे समजून घ्यायचंय’. वरवर किरकोळ वाटणारी ही युक्ती बरंच काम करते. ‘मस्त’, ‘अभिनंदन’ आणि अंगठ्याचं चित्र यापलीकडे मुलांना जावंच लागतं. आपल्या प्रयोगात यासाठी खास सॉफ्टवेअर लागत नाही. ‘आमचा अंदाज’, ‘हे पटत नाही, कारण’ आणि ‘हे करून बघा’ अशा तीन सुरुवाती फळ्यावर लिहून ठेवल्या तरी भागतं.

तक्ता लिहिणाऱ्या त्या मुलीचा प्रश्न इथेही डोकं वर काढतोच. कीबोर्ड ज्याच्या हातात, प्रयोग त्याचा, असं होतं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोरममधल्या सरकारी शाळांसाठी ‘क्लिक्स’ हा उपक्रम उभा केला, तेव्हा एका संगणकावर दोन-तीन मुलं बसणार हे गृहीत धरूनच रचना केली होती. जोडीदारासह लॉग-इन करायची सोय होती. साधनं कमी म्हणून एकत्र बसवणं वेगळं आणि बोलणं व्हावं म्हणून एकत्र बसवणं वेगळं. मैदानावर तर कामं आळीपाळीने बदलणं सोपंच आहे: दर पाच मिनिटांनी नवी खूण, दर खुणेला नवं मूल.

एक लबाडी आपणही करतोय, ती मुलांपासून लपवू नये. पणजी-नाशिक ५०० किलोमीटर हे अंतर आपण फोनच्या नकाशावरून घेतलं. त्या नकाशाला ते कसं कळलं? पृथ्वीचा आकार आधीच माहीत धरून. म्हणजे उत्तर वापरूनच उत्तर काढलं! सावलीचा भाग आपला, अंतराचा भाग उसना. मोटारीच्या मीटरवरचं अंतर घ्यावं तर रस्ता घाटांतून वळणं घेत जातो. अंतर प्रामाणिकपणे मोजणं किती जिवावरचं काम आहे हे सांगायला विल्यम लॅम्ब्टन उपयोगी पडतो. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून त्याने त्रिकोणांची मालिका सुरू केली आणि ती उत्तरेकडे नेता नेता १८२३ मध्ये, काम अर्धवट असताना, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. हेतू हाच: एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर नेमकं किती अंतर. विदर्भातल्या शाळेने हा प्रयोग करताना एवढी ओळख तरी करून द्यावी.

मुलांनी लांबवर बसून मिळून विज्ञान करायचे आणखी मार्ग आहेत. ‘सीझनवॉच’मध्ये देशभरातली मुलं २०१० पासून आपापल्या एका झाडाची पालवी, फुलं, फळं यांची नोंद ठेवताहेत, केरळच्या शाळा त्यात विशेष पुढे. लघुग्रह शोधण्याच्या एका आंतरराष्ट्रीय मोहिमेत हवाई बेटांवरच्या दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमा शाळांना मिळतात आणि मुलं त्यांत सरकणारा ठिपका शोधतात. दोन्ही चांगले उपक्रम, पण तिथे प्रत्येक गट आपलं काम करून पाठवून देतो आणि दुसऱ्या गटाशी बोलायची निकड फारशी पडत नाही. सावलीच्या प्रयोगात ती पहिल्या दिवसापासून पडते, म्हणून मला सुरुवातीला तोच बरा वाटतो.

वर्गातला एखादा चौकस विचारेलच: पृथ्वी गोल आहे हे आपण आधीच मानलं की! जमीन सपाट असेल आणि सूर्य जवळ असेल, रस्त्यावरच्या दिव्यासारखा, तरी दिव्यापासून लांबच्या काठीची सावली मोठीच पडेल. प्रश्न रास्त आहे आणि दोन शाळांच्या आकड्यांनी त्याला उत्तर देता येत नाही. सपाट जमिनीवर सावली दर किलोमीटरला सारखीच वाढत जाईल. गोल पृथ्वीवर उत्तरेला जाल तशी वाढ जास्त जास्त होईल. पणजी, पुणे आणि नाशिक एकमेकांच्या इतके जवळ आहेत की दोन्ही कल्पनांत पुण्याच्या सावलीचा फरक जेमतेम ३ मिलिमीटर पडतो. एवढा फरक मुलांच्या मोजणीत हरवतो. त्यासाठी उत्तरेकडची लांबची शाळा हवी. दिल्लीत डिसेंबरअखेर धुकं असतं, तेव्हा जोधपूर घ्यावं. तेही जवळपास आपल्याच रेखांशावर, ७३.० अंशांवर आहे आणि अक्षांश २६.३. पणजी ते नाशिक ज्या दराने सावली वाढली तोच दर पुढे चालू ठेवला तर जोधपूरला ११४ सेंटिमीटर यायला हवी. गोल पृथ्वीच्या हिशोबाने येते ११८. भोकाच्या पद्धतीत हा चार सेंटिमीटरचा फरक नजरेतून सुटत नाही. तिकडच्या मुलांशी बोलणं हिंदीत करावं लागेल, आणि त्यांची सर्वांत आखूड सावली आपल्यानंतर तीन मिनिटांनी येईल, तेवढं आधी कळवून ठेवा.